निवाऱ्यातल्या कुत्र्यांसाठी माणसं जोडायची कशी?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): आमच्या निवाऱ्यातले पिंजरे भरलेत. एक काळी कुत्री मागचा पाय ओढत चालते, तरी भाकरी आधी पिल्लांपुढं सरकवते. तिला घर मिळावं असं फार वाटतं. मदतीला ‘हो’ म्हणणारे पुष्कळ, पण मिरजेला डॉक्टरांकडं न्यायचं म्हटलं की फोन बंद. माणसं टिकवायची कशी?

उत्तर (मिरज): ताई, सगळ्यांवर सगळं टाकू नका. गाडीवाल्यानं ने-आण करावी, परसदार असेल त्यानं घर मिळेपर्यंत एखादं सांभाळावं. फोन मात्र एकाकडंच, आठवड्याला माणूस बदलायचा. आणि कुत्रं हाताळणाऱ्या प्रत्येकानं रेबीजची लस आधीच घ्यावी. तीन डोस: 0 (म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस), 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. तरीही चावलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवायची, नि तडक दवाखाना. यात हयगय नको.

उत्तर (ईश्वरपूर, पूर्वीचं इस्लामपूर): पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगानं पिल्लू गेलेल्या घरी लस न झालेलं दुसरं पाठवू नका. तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने जगतो.

उत्तर (तासगाव): काळीला पिल्लांसकट आमच्या मळ्यावर पाठवा. रविवारी मीच टेम्पो आणतो.