मदत हवी आहे: वीज पडून बाबा वाचले, रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण माणूस पहिल्यासारखा राहिला नाही (सोलापूर)

नमस्कार. आम्ही मोहोळ तालुक्यातले. मी नोकरीमुळे सोलापुरात राहते, आईबाबा आणि धाकटा भाऊ गावी असतात.

मागच्या वळवात बांधावरच्या लिंबावर वीज पडली. बाबा थोड्या अंतरावर म्हशीचा कासरा सोडत होते. म्हैस जागेवरच मेली. बाबा लांब फेकले गेले. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही पाय लुळे, गार आणि निळसर पडले होते. अंगात करंट असतो म्हणून लोक जवळ जाईनात, शेवटी आईनेच त्यांना धरून बसवलं. काही तासांत पाय हलायला लागले. एका कानाचा पडदा फाटला होता. आठवड्याहून जास्त दवाखान्यात राहून ते घरी आले, तेव्हा गावाने नारळ फोडला.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. पाण्याची मोटार चालू केली की नाही हे त्यांच्या लक्षात राहत नाही. ज्वारीच्या कट्ट्यांचा हिशोब तोंडी करणारा हा माणूस, आता दुकानातून दोन वस्तू आणायच्या तरी गोंधळतो. रात्री झोप नाही, पायांना मुंग्या येतात, डोकं ठणकतं, कानात सतत आवाज येतो. ढग भरून आले की घरातून बाहेर पडत नाहीत. आणि राग! ज्या भावाला त्यांनी कधी चापट मारली नाही, त्याच्यावर हात उगारतात, मग रात्री आईजवळ रडतात. भावाचं दहावीचं वर्ष आहे आणि पाणी द्यायचं काम त्याच्यावरच आलंय. आई आता कोणाशी फारसं बोलत नाही.

सीटी, एमआरआय, ईसीजी सगळं नॉर्मल आलं. त्यामुळे पाहुणे म्हणतात, "काम नको म्हणून करतोय." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बाबांनी आयुष्यात एक दिवस काम टाळलेलं नाही. हे विजेमुळेच आहे का, कोणत्या डॉक्टरांना दाखवावं आणि घरात कसं वागावं, कृपया सांगा.

प्रतिसाद
ताई, मी न्यूरो विभागात काम केलं आहे. हो, हे विजेमुळे होतं. वीज अंगावर घेतलेली बहुतेक माणसं वाचतात, पण बऱ्याच जणांना विसराळूपणा, चिडचिड, निद्रानाश आणि नसांच्या वेदना मागे राहतात. एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, काम कसं चाललंय ते दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येऊनही त्रास खराच असतो. पाय लुळे पडून परत येणं हेही या अपघातात बऱ्याचदा दिसतं. तुमच्या बाबांना बहुधा जमिनीतून पसरलेला प्रवाह लागला. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने तो प्रवाह त्याच्या छातीतून जातो, म्हणून म्हैस वाचली नाही. अंगात करंट मात्र अजिबात राहत नाही. अशा माणसाला लगेच हात लावावा, श्वास आणि नाडी थांबली असेल तर छातीवर दाब द्यावा. त्यानेच जीव वाचतात.

न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, नसांची एनसीव्ही तपासणी (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते पाहणारी) आणि स्मरणशक्तीची चाचणी करायची का ते विचारा. कान तपासा. डोळेही तपासत राहा, मोतीबिंदू काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही येतो. भीती आणि रागासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतील. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आईंनीही बोलावं.

प्रतिसाद
पैशाचं बघितलं का? महाराष्ट्रात वीज पडणं आपत्तीच्या मदतीत धरतात. २०२२ ते २०२६ च्या निकषांत गंभीर जखमी होऊन आठवड्याहून जास्त दवाखान्यात राहिल्यास १६,००० रुपये आहेत. डिस्चार्ज कार्ड घेऊन तहसीलला अर्ज द्या. त्रास कायम राहिला तर स्वावलंबन पोर्टलवरून अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. म्हशीचा पंचनामा झाला, ३७,५०० रुपये मिळाले. बाबांसाठीही अर्ज करता येतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिला प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला, मग म्हणाली, "हे तुझ्या चुलत्यालाबी वाचून दाखव." भावाच्या फोनवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप टाकून दिलंय, म्हणजे वीज जवळपास असेल तर तो शेतात जाणार नाही.

एकच अडचण उरली. मानसोपचार म्हटलं की बाबा उठून जातात, "मी काय येडा झालोय का?" म्हणतात. न्यूरॉलॉजिस्टकडे पायांच्या मुंग्यांसाठी म्हणून नेलं आणि त्यांनीच पुढे पाठवलं, तर बाबा ऐकतील असं वाटतं. तुमच्या घरात कोणी असं आधी नकार देऊन नंतर तयार झालं असेल, तर त्यांना काय सांगितलं होतं ते नक्की लिहा.