आंबोलीत आठ दिवसांत फक्त चार जातींचे बेडूक, काय चुकतंय? (अर्जंट)

रानवाट:
एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे, जुलैचा धो धो पाऊस आहे, ओढे डबकी सगळी जाळीने चाळून काढली तरी चारच जाती, शुक्रवारी निघायचंय, प्लीज पटकन सांगा.

सडेकर:
किती वाजता फिरताय? आणि वनखात्याची परवानगी आहे ना?

रानवाट:
आहे हो परवानगी, ते नाही विचारत मी. सकाळी ८ ते १२.

सडेकर:
मग तिथेच अडलंय. अंधार पडल्यावर जा. आणि नुसतं पाणी चाळू नका, बुशफ्रॉग (झुडपातले इवलेसे बेडूक) पानांवर नाहीतर पाचोळ्यात अंडी घालतात, अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो, टॅडपोल पाण्यात पोहत नसतोच, तर जाळीत येणार काय? ग्लायडिंग फ्रॉगचं (झाडावरून तरंगत उडी मारणारा बेडूक) फेसाचं घरटंसुद्धा पाण्यावर झुकलेल्या फांदीला असतं, मान वर करून बघा.

रातकिडा:
टॉर्चपेक्षा रेकॉर्डर न्या. झुडपातला इंचभर नर दिसत नाही पण टिकटिक स्पष्ट ऐकू येते. मी रेकॉर्डरशिवाय जातच नाही.

सडेकर:
आवाजाने फक्त नर कळतात. देवगांडूळ ओरडतं का? गांडुळासारखं दिसणारं, बिनपायांचं, पण तेही उभयचरच, ओल्या मातीत, दगडाखाली शोधावं लागतं. दगड उचलला की होता तसाच परत ठेवा.

रातकिडा:
देवगांडुळाचं मी बोललोच नाही. तो बुशफ्रॉगसाठी विचारतोय.

सडेकर:
त्याने बुशफ्रॉगचं नावही घेतलेलं नाही, वर वाचा.

कोकणमाय:
जळवा फार असतील, मोज्यांना तंबाखू चोळ रे बाळा. आणि झुडपात हात घालताना जप, चापडा साप विषारी, पानातच बसलेला असतो.

ओलीमाती:
काकू, तंबाखूच्या हाताने बेडूक धरायचा नाही, त्यांची कातडी सगळं शोषून घेते. बूटही दुसऱ्या जंगलातून आल्यावर धुवून वाळवून घाला, बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी चिखलातून पसरते. आंबोली टोड दिसला का? २००९ मध्ये नाव मिळालं त्याला, जगात फक्त या भागात आहे.

रानवाट:
नाही ना, सड्यावर (कातळाच्या पठारावर) दोनदा जाऊन आलो.

ओलीमाती:
पहिल्या पावसात थोडेच दिवस सड्यावरच्या उथळ पाण्यात जमतात ते, जुलैत उशीर झाला. पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीलाच या.

रानवाट:
पुढचं वर्ष कुठलं, जर्नल आत्ता द्यायचंय! बरं रात्री जातो. पण आत्ता परवानगीचं पत्र काढून बघितलं तर त्यात सूर्योदय ते सूर्यास्त लिहिलंय. आता काय करू??

सडेकर:
म्हणूनच आधी विचारलं होतं. उद्या ऑफिस उघडताच रेंजरना भेटा, रात्रीचं वाढवून मागा, गावातला वाटाड्या सोबत घेतोय असं सांगा. तोपर्यंत दिवसा पाचोळा आणि दगडांखालचं बघून घ्या.