सगळीच मोठी धरणं विजेसाठी नसतात

काहीजण म्हणतात की मोठी धरणं बांधतात ती विजेसाठी, आणि भिंत काँक्रीटचीच असते. दोन्ही पटलं नाही. जगातल्या मोठ्या धरणांत सिंचनासाठीची सर्वाधिक आहेत. आपलं पैठणचं जायकवाडीच घ्या: मातीचं धरण, मुख्य काम शेतीला पाणी.

इजिप्तचं आस्वान उच्च धरण (1970) दगड-मातीच्या भरावाचं आहे, मधोमध चिकणमातीचा गाभा. उंची 111 मीटर, पण तळाशी रुंदी तब्बल 980 मीटर! वीज तिथेही होते, पण मूळ गरज होती नाईलचा पूर अडवून दुष्काळी वर्षांसाठी पाणी राखण्याची. त्याची किंमतही मोजली: पुरासोबत शेतात येणारा गाळ थांबला, नाईलकाठच्या हजारो नुबियन लोकांची गावं बुडाली.

कमानी धरणाची, म्हणजे कमानीसारखी वाकलेली भिंत असलेल्या धरणाची, गोष्ट वेगळी. ते पाण्याचा दाब दोन्ही काठांच्या खडकावर ढकलतं, म्हणून भिंत पातळ चालते. पण खडक दगा देणारा असेल तर? फ्रान्सचं मालपासे धरण 2 डिसेंबर 1959 ला डाव्या बाजूचा खडक सरकल्यानं फुटलं, 400 हून अधिक माणसं गेली. त्यामुळे प्रकार निवडताना आधी पायाखालचा खडक बघायचा, मग खर्च.