मदत हवी आहे: सासूबाईंची माळ तुटली, रविवारच्या आत काय करावे?

रामबागेतली सून (गुरुवार, दुपारी २.१०)

नमस्कार. सासूबाईंनी गेल्या महिन्यात त्यांची माळ "आता तू वापर" असे म्हणून माझ्या हाती दिली आणि तेव्हापासून मी ती रोज घालते. आज सकाळी पोळ्या लाटताना ती तुटली आणि मणी ओट्यावर, परातीत, फ्रीजखाली असे सगळीकडे गेले. गोळा करून मोजले तर १०७ भरले. सासूबाई उज्जैनला नणंदेकडे गेल्या आहेत आणि रविवारी संध्याकाळी परततील. मला दोनच गोष्टी सांगाव्यात: इंदुरात माळ नीट ओवून कोण देते, आणि माळ तुटणे हा अपशकुन असतो का. कृपया प्रवचन नको, उत्तर हवे.

माळकरी

ताई, माळ घालणे म्हणजे दागिना घालणे नव्हे. तुळशीची माळ एकदा गळ्यात पडली की मांसाहार आणि मद्य सुटते, एकादशी धरावी लागते आणि पंढरीची वाट आपली होते. ती आपल्याच हाताने घालायची नसते, अधिकारी वारकऱ्याकडून घालून घ्यायची असते, आणि तुटली तर पुन्हा तशीच घालून घ्यावी. आपल्याला माळ कोणी घातली होती आणि आपण एकादशी करता का, हे लिहिले असते तर अधिक सांगता आले असते.

रामबागेतली सून

माळ तुळशीची नाही, रुद्राक्षाची आहे. आमच्या घरात माळ म्हटली की रुद्राक्षाचीच, त्यामुळे वेगळे लिहावे असे वाटले नाही. ओवून देणारा कोण, ते कृपया सांगावे.

नर्मदातीर

थोडे थांबून चार गोष्टी सांगा, म्हणजे उत्तर नेमके देता येईल. १०७ मध्ये मेरूमणी, म्हणजे गोंड्यापाशी असतो तो मोठा मणी, धरला आहे का? दोन मण्यांमध्ये गाठी होत्या का? सासूबाई ती गळ्यात घालत होत्या की तिच्यावर जप करत होत्या? आणि ती गोमुखीत, म्हणजे जपाच्या पिशवीत, ठेवलेली असे का?

रामबागेतली सून

गोंड्याचा मोठा मणी मी वेगळा ठेवला आहे, तो १०७ मध्ये धरलेला नाही. दोरा लाल होता आणि प्रत्येक मण्यानंतर गाठ होती. गळ्यात घातलेली मी कधी पाहिली नाही. त्या पहाटे देवघरापुढे बसत तेव्हा हात पिशवीत असे. आता बोटे आखडतात म्हणून त्यांनी ती मला दिली.

नर्मदातीर

मग चित्र स्पष्ट आहे. ही जपमाळ आहे आणि तिचा एक मणी अजून आपल्या स्वयंपाकघरातच असणार. जपमाळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने एकेक मणी स्वतःकडे ओढतात, तर्जनी तिला लागू देत नाहीत, आणि मेरूपाशी पोहोचल्यावर तो न ओलांडता माळ फिरवून उलट दिशेने पुढचा फेरा सुरू करतात. गोमुखी असते ती जप दुसऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून. अशी माळ गळ्यात घालण्याचा आमच्याकडे प्रघात नाही. गळ्यासाठी वेगळी आणि जपासाठी वेगळी, असे माझ्या आजीने मला हातातली माळ काढून घेऊन शिकवले होते. अपशकुनाचे म्हणाल, तर सुती दोरा वर्षानुवर्षे बोटांनी झिजतो आणि त्यात गळ्याचा घाम लागला की गाठीपाशी कुजतो. तुटलेल्या दोऱ्याची टोके पाहा, ती काळपट आणि मऊ असतील.

पोथीवाचक

नर्मदातीर यांचा घरचा प्रघात मान्य, पण त्याला शास्त्र म्हणू नये. रुद्राक्षजाबालोपनिषदात रुद्राक्ष धारण करण्याचेच माहात्म्य आहे: गळ्यात ३६, दोन्ही दंडांवर १६-१६, मनगटांवर १२-१२ असे आकडे तेथे दिले आहेत आणि १०८ मण्यांची माळ जानव्यासारखी घालावी, असेही म्हटले आहे. रुद्राच्या डोळ्यांतून पडलेल्या अश्रूंपासून हे वृक्ष झाले, ही कथाही तेथेच आहे. पंचमुखी, म्हणजे पाच उभ्या रेघांचा, रुद्राक्ष पंचब्रह्माचे स्वरूप मानला आहे आणि बाजारात सर्वांत अधिक मिळतो तोही पंचमुखीच. तेव्हा ताईंनी माळ गळ्यात घातली यात पाप काही नाही. मात्र त्याच उपनिषदात धारण करणाऱ्याने मद्य, मांस, लसूण आणि कांदा वर्ज्य करावा असे आहे, आणि त्या यादीत शेवगा व भोकरही आहेत.

सुदामानगरवासी

शेवगा? आमच्याकडे शेवग्याच्या शेंगांची आमटी आठवड्यातून दोनदा होते आणि वडिलांच्या गळ्यात रुद्राक्ष गेली कित्येक वर्षे आहे. हे त्यांना सांगायचे कोणी?

पोथीवाचक

आपणच. मी फक्त लिहिले आहे ते सांगितले.

नर्मदातीर

मी गळ्यात घालणे निषिद्ध म्हटलेले नाही. जपाची माळ गळ्यात घालू नये, एवढेच म्हटले. आपण दिलेले आकडे धारणाचे आहेत, जपमाळेचे नव्हेत.

चोखंदळ ग्राहक

माझ्या मते आधी रुद्राक्ष खरे आहेत का, ते पाहावे. बाजारात भद्राक्षाचे मणी रुद्राक्ष म्हणून विकतात. सोपी परीक्षा अशी की मणी पाण्यात टाकावा. बुडाला तर खरा, तरंगला तर खोटा.

वनस्पतिशास्त्राचा शिक्षक

ही परीक्षा सोडून द्यावी. रुद्राक्ष हे इलिओकार्पस प्रजातीतल्या झाडाच्या निळ्या फळातली कठीण कोय आहे. कोय सुकलेली असेल किंवा आत पोकळी असेल तर खरा मणीही तरंगतो आणि जड लाकडाचा खोटा मणीही बुडतो. शंका असेल तर मणी क्ष-किरणाखाली पाहतात. बाहेर जितकी मुखे, साधारण तितके कप्पे आत दिसतात. शिवाय सासूबाईंनी इतकी वर्षे जप केलेली माळ आता खरी की खोटी हे ठरवून ताईंना नेमके काय मिळणार?

बडोदेकर

मी एक सुचवतो. एक मणी सापडत नसेल तर १०८ चा आग्रह सोडावा आणि २७ मण्यांची छोटी माळ करून घ्यावी. २७ नक्षत्रे आणि प्रत्येकाचे ४ चरण मिळून १०८ होतात, म्हणून छोट्या माळेचे ४ फेरे म्हणजे पूर्ण माळच होय. मी प्रवासात हेच करतो, खिशात मावते. उरलेल्या मण्यांत घरातल्या आणखी दोघांच्या माळा होतील.

रामबागेतली सून

सासूबाईंची माळ मोडून तिघांत वाटली, असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मला ती होती तशी हवी आहे.

पोथीवाचक

मणी न मिळाल्यास तशाच आकाराचा पंचमुखी मणी घालता येतो. तसेही १०८ मण्यांचा फेरा पुष्कळ ठिकाणी १०० च जप धरतात आणि ८ चुकांसाठी सोडतात.

सुदामानगरवासी

मूळ प्रश्नाचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही, म्हणून देतो. दागिने गाठवून देणारे पटवे सराफ्याच्या बाजूच्या गल्ल्यांत बसतात. दिवसा जावे, रात्री तेथे भुट्ट्याचा कीस मिळेल, पटवा मिळणार नाही. जपाची माळ आहे आणि गाठ ब्रह्मगाठ हवी, हे आधीच सांगावे, नाहीतर मोत्याच्या सरासारखी साधी गाठ मारून देतात. ब्रह्मगाठीला अडीच वेढे लागतात, त्यामुळे दोरा जास्त जातो आणि वेळही. जुना दोरा फेकू नका, बरोबर न्या. त्यावरून गाठीचे अंतर कळते.

रामबागेतली सून (शुक्रवार, सकाळी ११.२५)

सर्वांचे आभार. मणी सापडला. पिठाची चाळणी काल दुपारीच उचलून ठेवली होती, आज चाळायला घेतली तर तो तिच्यात होता. पाचही रेघांत पीठ इतके घट्ट बसले होते की क्षणभर मला तो गोळा वाटला. दोऱ्याची टोके नर्मदातीर म्हणतात तशीच निघाली, काळी आणि मऊ.

रात्री धीर करून सासूबाईंना फोन केला. तुटल्याचे ऐकून त्यांनी प्रथम विचारले, "मेरू आहे ना?" मग म्हणाल्या की माळ त्यांनी जपासाठीच दिली होती, पण दुसऱ्याच दिवशी ती माझ्या गळ्यात दिसली तेव्हा मी आवडीने घातली आहे म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. मंत्र त्यांचा नको, मला लहानपणापासून ज्या देवाचे नाव येते तेच घ्यावे, असेही त्यांनी सांगितले. गळ्यासाठी वेगळी माळ त्या महाकाळाच्या देवळाबाहेरून आणत आहेत.

आता एकच प्रश्न उरला आहे. मण्यांतले पीठ साबणाच्या गरम पाण्याने धुतले तर चालेल का?

वनस्पतिशास्त्राचा शिक्षक

साबण नको आणि गरम पाणीही नको, मणी कोरडे पडून तडकतात. मऊ, कोरड्या ब्रशाने रेघा साफ कराव्यात, नंतर तिळाच्या तेलाचा अगदी हलका हात फिरवून रात्रभर कापडावर ठेवावे आणि मगच ओवायला द्यावे. तेल ओले असताना ओवले तर नवा दोरा पहिल्याच दिवशी काळा पडेल.

रामबागेतली सून (शनिवार, सायंकाळी ६.४०)

पटव्याने माळ ठेवून घेतली. मण्यांची भोके झिजून मोठी झाली आहेत म्हणून दोरा आधीपेक्षा जाड लागेल आणि काम मंगळवारी होईल, असे तो म्हणाला. सासूबाईंना तसे कळवले. गोमुखी मात्र आज धुऊन वाळत घातली आहे.

चोखंदळ ग्राहक

माळ परत आली की एक मणी पाण्यात टाकून पाहावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथमच लिहितो

नमस्कार, धागा आत्ताच उघडला. ताई, माळ तुळशीची असेल तर दोरा पांढरा वापरावा.