वेबसाइटवरची हालचाल बंद कशी करायची?

गोदाकाठची:
मंडळी, मला व्हेस्टिब्युलर मायग्रेन, म्हणजे चक्कर आणणारी अर्धशिशी आहे. औषधं चालू आहेत, त्यावर सल्ला नको. त्रास स्क्रीनचा आहे. हल्ली कुठलीही साइट उघडा, मजकूर खालून तरंगत येतो, मागचा फोटो वेगळ्याच वेगानं सरकतो, कोपऱ्यात जाहिरात उड्या मारते. लगेच गरगरायला लागतं, मळमळतं. वीजबिल भरायचं तरी आधी सरकते बॅनर! "मग बघू नकोस" हे घरून ऐकून झालंय. बिल कोण भरणार? अँड्रॉइड फोन आहे आणि विंडोज ११ चा लॅपटॉप.

कोडकरी:
ताई, बरंचसं बंद होतं. फोनमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, तिथे 'रिमूव्ह ॲनिमेशन्स' शोधा. कंपनीगणिक जागा बदलते. लॅपटॉपवर ॲक्सेसिबिलिटीतच 'व्हिज्युअल इफेक्ट्स', त्यात 'ॲनिमेशन इफेक्ट्स' बंद.
पण ही नुसती विनंती असते. ब्राउझर ती साइटला कळवतो. साइट बनवणाऱ्यानं 'प्रीफर्स रिड्यूस्ड मोशन'ची (म्हणजे 'हालचाल कमी हवी' ही विनंती ओळखण्याची) सोय कोडमध्ये केली असेल तरच ती मानली जाते. आणि आम्ही लोक ती करत नाही, कारण डेमोत काहीतरी हललं की क्लायंट खूश.

आत्याबाई:
त्रास जुनाच. 2013 मध्ये आयफोनचं आयओएस ७ आलं तेव्हा झूम होणाऱ्या स्क्रीनमुळे कितीतरी लोकांना मळमळलं होतं. माझ्या ऑटिस्टिक भाच्याला हालचाल चालते, पण आपोआप सुरू होणारा व्हिडिओचा आवाज लागला की तो कानांवर हात घेऊन खोलीबाहेर.

गोदाकाठची:
दोन्ही केलं. फोनवर फरक आहे, बँकेचं ॲप शहाण्यासारखं वागतंय. बातम्यांची साइट मात्र तश्शीच नाचतेय. तक्रार करायची तर काय लिहू? "चक्कर येते" लिहिलं तर हसतील.

कोडकरी:
नियमाचा क्रमांक लिहा. डब्ल्यूसीएजी म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम. त्यातला 2.2.2: आपोआप सुरू होऊन 5 सेकंदांपेक्षा जास्त वेळ मजकुराच्या जोडीनं हलणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे. ही सगळ्यात खालची, म्हणजे किमान पाळायचीच, 'ए' पातळी. भाच्यासाठी 1.4.2: 3 सेकंदांहून जास्त वाजणारा आवाज बंद करायची सोय हवी. स्क्रोल करताना मागचा फोटो सरकतो ते 2.3.3 मध्ये येतं, पण तो नियम सगळ्यात वरच्या, 'ट्रिपल ए' पातळीचा. बहुतेक जण मधल्या 'डबल ए'वरच थांबतात, म्हणून तिथे हात टेकावे लागतील.
तोवर लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये बातमी उघडून एफ९ दाबा. रीडर व्ह्यूमध्ये नुसता मजकूर आणि फोटो राहतात.

गोदाकाठची:
एफ९ चाललं! अग्रलेख पूर्ण वाचला. पटला नाही, ते वेगळं. 2.2.2 ची मेल आज टाकते.