सर्कशीची पोस्टरं: कला की थापा?

दगडफूल
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, ‘अमेरिकेतल्या बार्नम अँड बेली सर्कशीची जुनी रंगीत पोस्टरं म्हणजे निव्वळ थापा, कला कसली त्यात?’ घास गोड लागला नाही. अहो, ही लिथोग्राफी, दगडावर चित्र काढून कागदावर छापायची: एकेका रंगाला वेगळा दगड, तोही बव्हेरियातल्या झोल्नहोफनचा. त्यावर अक्षरंसुद्धा उलटी काढायची, आणि दर रंगाला कागद नेमका तिथेच बसला पाहिजे. सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज छापखान्यावाल्यांनी असे छापलेले कागद जोडून भिंतभर पोस्टर केलं. वाघाच्या मिशीवर लाल सरकला की थप्पी रद्दीत.

गॅलरीतला
तो ‘एकाने’ मीच. मेहनत मान्य. पण १८८२ साली लंडनहून आणलेला जंबो हत्ती पोस्टरवर केवढा फुगवला! तिकीट काढून आत गेलेल्या शेतकऱ्याने काय, दगडाचं कौतुक करायचं? आणि दुसऱ्या सर्कशीला शिव्या घालणारी ती ‘रॅट शीट्स’, तीही कलाच ना?

दगडफूल
शेतकऱ्याच्याच कोठारावर पोस्टर लागायचं, बदल्यात फुकट पास. तो कुठला तिकीट काढतोय!

मिरजकर
सगळं कौतुक अमेरिकेचंच. पुण्यात १८७८ पासून चित्रशाळा छापखाना होता, १८८० ला विष्णुपंत छत्र्यांची सर्कस उभी राहिली. त्याचं नाव नाही कुणाच्या तोंडी!

गॅलरीतला
आले! छत्रे पेटले ते कियारिनीची इटालियन सर्कस बघून. आणि चित्रशाळेने छापलेलं छत्र्यांचं एक पोस्टर दाखवा, मग बोलू.

मिरजकर
नाही माझ्याकडे. पण छपाई मला शिकवू नका. वडील ऑफसेटवर होते. सर्कशीच्या पोस्टरला निळी प्लेट सरकली, वाघ हिरवा झाला. मालक म्हणाला, ‘चालेल, लांबून कोण बघतंय?’ पोस्टरं नेली आणि बिल निम्मं दिलं. आई अजून त्या माणसाला शिव्या घालते.

गॅलरीतला
मग मी वेगळं काय म्हणतोय? मालकाला कलेशी देणंघेणं नव्हतंच.

शाईवाली
ऑफसेटची प्लेट कुठे, दगड कुठे! आणि मालकाचं काय घेऊन बसलात? चित्र काढणाऱ्याची बहुतेक पोस्टरांवर सहीसुद्धा नाही. कोपऱ्यात छापखान्याचं नाव, वर बार्नम-बेलींचे मुखडे. गावोगाव चित्र तेच, खाली तारखेची पट्टी तेवढी वेगळी. राग यायचा तर याचा येऊ द्या.

दगडफूल
हे मात्र खरं.

गॅलरीतला
बरं बाई, थापाच, पण सुबक थापा. एक लावीन भिंतीवर. जंबो नको, दोन खोल्यांत मावायचा नाही.