शब्दचर्चा: ‘वाद’ शिकवणाऱ्या प्राध्यापकाला काय म्हणावे?

फोंड्याच्या आमच्या वाचनालयातल्या भित्तिपत्रकासाठी अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक फ्रान्स फान एमेरेन यांच्यावर टिपण लिहिते आहे. ‘आर्ग्युमेंटेशन’ आणि ‘रेटरिक’ हे त्यांचे विषय. ‘वादविवाद व वक्तृत्व’ लिहिले तर चालेल का, सर?

– ताई, तसे नका लिहू. ‘वक्तृत्व’ म्हटले की शाळेतली स्पर्धा डोळ्यांपुढे येते, पाठ केलेले भाषण आणि ढाल. ‘वादविवाद’मध्ये दोन गट आणि एक घंटा. फान एमेरेन यांनी रॉब ग्रोटेनडोर्स्ट यांच्यासह जी मांडणी केली, तिचा प्रश्न निराळा आहे: मतभेद गुणवत्तेवर सुटावा म्हणून दोघांनी कसे बोलावे? त्यांच्या दहा नियमांपैकी एक असा, की जो मत मांडतो त्याला विचारले तर त्याने त्याचे समर्थन करायला हवे.

‘आर्ग्युमेंटेशन’साठी माझे मत ‘वादशास्त्र’ला. आपल्याकडे गोव्यात ‘वाद’ शब्द बदनाम आहे, हे मान्य. १९८७ च्या राजभाषा कायद्याआधीचा कोकणी-मराठी भाषावाद अनेकांना आठवतो. वर्तमानपत्रात रोज म्हादई नदीच्या पाण्याचा वाद असतो. पण न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या प्राचीन मूळ ग्रंथात, वाद, जल्प आणि वितंडा हे तीन वेगळे आहेत. वाद तत्त्व कळावे म्हणून, गुरू, शिष्य, सहाध्यायी यांच्याशी करायचा. जल्प जिंकण्यासाठी, त्यात छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम भलता अर्थ घेणे, हेही चालते. वितंडेत स्वतःची बाजू मांडायचीच नाही, समोरच्याची तेवढी पाडायची. मराठीने ‘वितंडवाद’ हा जोडशब्द करून वितंडेचा दोष वादाच्या माथी मारला, याचे मला खरोखर वाईट वाटते.

‘हुज्जत’चेही तेच झाले. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, प्रमाण. आपण मात्र भाजीवाल्याशी हुज्जत घालतो!

– सर, मग ‘युक्तिवाद’ का नको? म्हादई जलतंटा लवादापुढे वकिलांनी केला तो युक्तिवादच ना?

– उत्तम शब्द आहे, पण तो एका बाजूच्या मांडणीचे नाव. दोघांच्या मिळून चाललेल्या व्यवहाराचे शास्त्र सांगायला अपुरा पडतो. ‘तर्कशास्त्र’ही नको. तर्कशास्त्र विधानावरून निष्कर्ष निघतो का ते पाहते. ऐकणारा कोण, याची त्याला फिकीर नसते. वादाला असते. न्यायसूत्रांत दृष्टान्ताची व्याख्याच अशी आहे, की सामान्य माणूस आणि जाणकार या दोघांची बुद्धी ज्यावर जुळते तो दृष्टान्त. समोरच्याला न पटणारे उदाहरण तिथे उदाहरणच नाही.

राहिले ‘रेटरिक’. ‘अलंकारशास्त्र’ काव्याकडे जाते आणि ‘वाक्चातुर्य’त फसवणुकीचा वास येतो. अ‍ॅरिस्टॉटलने त्या विद्येची ओळख करून दिली ती अशी: कोणत्याही प्रसंगी मन वळवण्याची कोणती साधने हाताशी आहेत हे ओळखणे. म्हणून पहिल्यांदा ‘मन वळवण्याची विद्या’ असे उलगडून लिहा, पुढे ‘वाग्विद्या’ वापरा.

– म्हणजे ‘वादशास्त्र आणि वाग्विद्या या विषयांचे निवृत्त प्राध्यापक’. तेच लिहिते. आणि ‘हुज्जत’ची चौकट टिपणाशेजारी वेगळी टाकते.